दंडातला उंदीर

मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर, भर बैठकीत, मी नवऱ्यामुलाच्या चुलत्यांच्या दंडाकडे बोट दाखवून म्हणाले होते की यांच्या दंडात उंदीर आहे. एवढ्यावर थांबले नाही. "चांगला मोठा आहे," असंही म्हणाले. मला वाटलं, मी त्यांचं कौतुक करते आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. डोक्यावर पदर होता, हातात पोह्यांची ताटली होती, आणि त्या बैठकीत आपल्याइतकं शहाणं कोणी नाही याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. आधीच्या दोन स्थळांनी मी सावळी आणि ताडमाड म्हणून नकार कळवला होता. हे तिसरंही गेलं तर मलकापूरचा एक बिजवर तयार बसला होता. दोन मुलांचा बाप, आणि त्याला बायकोपेक्षा भाकऱ्या थापणारी हवी होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तसं आईला स्पष्ट सांगितलं होतं, आणि आईने ते मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. सगळं असं टांगणीला लागलेलं असताना मी बैठकीत उंदीर सोडला.

पण तो उंदीर माझा नव्हता. तो आमच्या इंग्रजीच्या सरांचा होता.

सरांचं नाव मी सांगणार नाही. त्यांची नातवंडं कुठेतरी चांगल्या हुद्द्यावर असतील, उगाच त्यांची झोप कशाला घालवा. सांगलीच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्यांना सगळे 'मूळव्याध' म्हणत. हे नाव संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी ठेवलं होतं, कारण कुठलाही इंग्रजी शब्द दिसला की सर त्याच्या मुळाच्या मागे लागायचे, आणि मूळ बहुतेक वेळा लॅटिनमध्ये सापडायचं. लॅटिनमध्ये नाही सापडलं तर सर त्या शब्दाशी बोलणंच टाकायचे. एकदा कुणीतरी फळ्यावर हे नाव लिहून ठेवलं. सर आले, त्यांनी ते वाचलं, आम्ही श्वास रोखून बसलो. सरांनी खडू उचलला आणि दोन अक्षरांनंतर एक उभी रेघ मारली. "मूळ अधिक व्याध. मुळांचा व्याध, म्हणजे मुळांची शिकार करणारा. षष्ठी तत्पुरुष. शास्त्रीबुवांनी नेमकं नाव दिलं आहे." आणि दिवसभर खुशीत होते. अशा माणसाची चेष्टा करण्यात काही मजा उरत नाही. तरी आम्ही करत होतो, सवय म्हणून.

अंगाने सर काठीसारखे. बाराही महिने काळा कोट, त्याच्या बाह्या कोपरावर चकाकलेल्या. मिरजेच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी कोश आणला होता, कुण्या साहेबाच्या घरातून निघालेला. बाळंतिणीने बाळ आणावं तसा तो दोन्ही हातांवर आडवा घेऊन वर्गात यायचे. त्या कोशात शब्दापुढे कंस असायचा, कंसात त्या शब्दाचं मूळ, आणि कंसानंतर अर्थ. सर कंस संपेपर्यंत वाचायचे आणि कोश मिटायचे. कुणी अर्थ विचारलाच तर म्हणायचे, "मूळ हातात आलं की अर्थ आपल्या पायांनी चालत येतो." आमच्याकडे तो कधी चालत आला नाही. परीक्षेला बसलो की आम्ही दाराकडे बघत त्याची वाट पाहायचो. जन्मभर कृष्णेच्या काठी राहून कंसात जगलेला असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

पगाराला सर कधी पगार म्हणाले नाहीत. सॅलरी या शब्दाच्या मुळाशी मीठ आहे, म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला घरी जाऊन सांगायचे, "आज मीठ मिळालं." त्यांच्या बायकोची जीभ त्यांच्या कोशापेक्षा धारदार होती. ती म्हणायची, "मीठ आणलंत, बरं केलंत. आता पीठ कुठल्या शब्दातनं येतंय तेवढं बघा."

आणि कंपॅनियन. हा शब्द सरांचा फार लाडका. "कॉम म्हणजे सह, पानिस म्हणजे भाकरी. जिच्याबरोबर बसून आपण भाकरी मोडतो ती आपली कंपॅनियन." असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायचे, डोळे ओलसर व्हायचे. माझी मैत्रीण कुसुम त्यांच्याच गल्लीत राहायची. ती उभी राहून म्हणाली, "सर, मग काकू तुमचं जेवण झाल्यावर एकट्या का जेवतात?" सर बराच वेळ कोशाच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "आपण पुढचा शब्द घेऊ." पुढचा शब्द मला आठवत नाही. काकू मात्र शेवटपर्यंत एकट्याच जेवल्या, हे कुसुमने सांगितलेलं आठवतं.

मॅट्रिकच्या चाचणी परीक्षेआधी तर कहर झाला. कॅंडिडेट म्हणजे मुळात पांढरेशुभ्र कपडे घातलेला. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक पांढरं घालून हिंडत. "तेव्हा उद्या सगळ्या कॅंडिडेटनी पांढरं नेसून यावं." मी घरी येऊन आईकडे पांढरं पातळ मागितलं. आईने हातातली पळी खाली ठेवली. "कुंवार पोरीला पांढरं नेसायला सांगणारा हा कोण मेला? आधी लगीन तर होऊ दे." मी आईला रोमची गोष्ट सांगू लागले, तर तिने पळी परत उचलली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात वीसेक आया जमल्या होत्या आणि सर मुख्याध्यापकांच्या खोलीत, कोश छातीशी धरून, आत बसले होते.

मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी होते. म्हणजे सगळ्यांत जास्त बिघडलेली. बाकीच्या मुली चोरून गाईड वाचून अर्थ पाठ करायच्या. मला ते हलकं वाटायचं. घरात हळदीची पोती, आबा हळदीचे अडते, आमच्या भिंतीही पिवळ्या आणि माझी नखंही. आणि मी त्या पोत्यांवर बसून रोमन लोकांचा विचार करायची. आज ती मुलगी मला भेटली तर मी तिच्या हातात केरसुणी देईन.

आता उंदराकडे येते. त्या दिवशी धड्यात मसल हा शब्द आला. सर "यात उंदीर आहे" म्हणत उठले, कोटाची बाही वर केली आणि हात कोपरात वाकवला. काहीच झालं नाही. सरांनी दातओठ खाऊन पुन्हा वाकवला. कुसुम माझ्या कानात म्हणाली, "घरात नाहीये वाटतं." मग सरांनी शाळेच्या शिपायाला हाक मारली. तो तालमीतला गडी. त्याने मूठ आवळली तसा दंडावर टणक गोळा वर आला, मूठ सैल केली की आत पळाला. सर आनंदाने थरथरायला लागले. "बघा, कातडीखाली पळतोय. मूस म्हणजे उंदीर, आपला मूषक तोच. मूस्कुलूस म्हणजे छोटा उंदीर. रोमन माणसाने दंड बघितला आणि त्याला उंदीर दिसला. त्याचं झालं मसल. आणि हा मधला सी बघा, लिहायचा पण बोलायचा नाही. उंदीर आहे तो, गुपचूप बसतो." शिपाई म्हणाला, "सर, हात खाली घिऊ का? घंटा द्याची हाय."

त्या आनंदाच्या भरात सर शास्त्रीबुवांना गाठून संस्कृतात असाच शब्द आहे का ते विचारायला गेले. शास्त्रीबुवांनी म्हणे आधी इकडेतिकडे बघून घेतलं, मग ते सरांच्या कानाशी लागले. छोट्या उंदरावरून आलेला शब्द संस्कृतातही आहे, पण तो पुरुषाच्या दंडाला लागत नाही, दुसरीकडे लागतो. सर कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन परतले आणि संस्कृतचं नाव त्यांनी त्या वर्षी पुन्हा काढलं नाही. हे शिपायाने कुसुमला सांगितलं, कुसुमने मला. शब्द कुठला, ते कोशात बघायला मला लग्नानंतर वेळ मिळाला.

तर ते स्थळ. साताऱ्याजवळच्या गावचं, ऊसवालं घर, मुलगा पलटणीत हवालदार. नुकत्याच संपलेल्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन धडधाकट परत आलेला. त्याची एकच अट होती, की मुलीला इंग्रजी वाचता यावं. त्याच्या चुलत्यांना ही अट पटलीच नव्हती. जुने पैलवान, दोन्ही कान मोडलेले, बैठकीत तक्क्याला टेकले तर तक्का दिसेना. पोहे खाताना ते आबांना म्हणाले, "आता बायकुला इंग्रजी कशाला, तुमीच सांगा. म्हशी का इंग्रजी बोलत्यात? पर पोरगं ऐकत न्हाई. विचार रं बाबा काय विचारायचं ते."

मुलाने खिशातून इंग्रजी वर्तमानपत्राची एक घडी काढली. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवलेली. ती घडी बघूनच मला तो आवडला होता, हे सांगायला आता लाज कसली. घडीवर तेलाची जाहिरात होती, एका उघड्या साहेबाचं चित्र. 'फॉर टायर्ड मसल्स,' मी खडाखडा वाचलं. मसल्स म्हणताना सी मुका ठेवला. आबांची मान ताठ झाली.

मुलाने विचारलं, "मसल म्हणजे काय?"

"छोटा उंदीर," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, दिपले.

"म्हणजे हे तेल..." मुलगा म्हणाला.

"दमलेल्या छोट्या उंदरांसाठी आहे."

पैलवानांचा घास हातातच राहिला. "उंदराला त्याल लावत्यात? कुठं?"

आणि मग मी ते बोट दाखवलं. "तुमच्या दंडात पण आहे," मी म्हणाले, आणि पुढचं कौतुकही केलं.

आई दारामागे होती. तिने कपाळावर मारलेला हात मला पाठमोरीला ऐकू आला. स्थळ आणणारे मध्यस्थ हसायला लागले, त्यांचं बघून पैलवानांबरोबर आलेले दोघं हसायला लागले. पैलवान हसले नाहीत, ते आपला दंड धोतराच्या सोग्याने झाकू लागले. मुलगाही हसला नाही. तो जाहिरातीकडे असं बघत होता की जणू त्याच्याच हातून काही चुकलंय.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आले. "पोरगी दिसायला बरी हाय, पर डोक्यानं जरा हलकी वाटती." आठवड्यात गणपती पेठेत अडत्यांमध्ये गोष्ट पसरली, की हळदवाल्याच्या पोरीला माणसाच्या अंगात उंदीर दिसतात. आता चौथं स्थळ येण्याचा प्रश्नच नव्हता. मलकापूरच्या बिजवराने मात्र मोठ्या मनाने कळवलं, की त्याला चालेल, घरात मांजर आहे.

मी दोन दिवस हळदीच्या पोत्याआड बसून रडले. तोंड पिवळं झालं ते वेगळंच.

आबा तडक सरांच्या घरी गेले. मलाही बरोबर नेलं, पुरावा म्हणून. "मास्तर, पोरीला काय शिकवलंत ओ तुमी? हातचं सोन्यासारखं स्थळ गेलं माझं."

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उंदराशी आल्यावर त्यांचे डोळे चमकले. "उत्तर चुकलं असं कोण म्हणतं?"

"सगळे म्हणत्यात."

"सगळ्यांनी कोश बघितला?"

"आवं, कोश कशाला बघतील? माणसं हायत ती."

"मग त्यांना दाखवला पाहिजे," सर म्हणाले आणि खुंटीवरचा कोट काढला. आबांना वाटलं, मास्तर साताऱ्याला येऊन चूक आपली होती असं कबूल करणार. काकू आतून म्हणाल्या, "न्या, न्या. तेवढा एक दिवस घर गप्प राहील."

पुढचं मला आबांनी सांगितलं, आणि ते आयुष्यभर सांगत राहिले. रविवारी दोघं कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने गेले, वाटेत कऱ्हाडला उतरून मोटार ढकलली, तेव्हाही सरांनी कोश खाली ठेवला नाही. गावात पोचले तर गुऱ्हाळ चालू होतं. पैलवान उघड्या अंगाने चुलाणापाशी उभे होते. कढईत रस उकळत होता.

"या मास्तर, बसा. रस घ्या."

"रस नंतर," सर म्हणाले. "आधी शब्द. मी मुलीसाठी आलेलो नाही. तिचं लग्न होईल न होईल. बरोबर उत्तर चूक ठरवलं गेलं आहे, त्यासाठी आलो आहे."

आबांनी डोळे मिटून घेतले.

पैलवान म्हणाले, "आवं, तुमच्या शाळंतल्या पोरीनं आमच्या दंडाला उंदीर म्हटलं. आमी आख्खी जवानी तालमीत घातली ती उंदीर पाळायला व्हय?"

"दंड दाखवा."

पैलवानांनी कोपरात हात वाकवला. आबा म्हणायचे, नारळ वर आला नारळ.

"हे वर आलं त्याला तुम्ही काय म्हणता?" सरांनी विचारलं.

"बेटकुळी."

"बेटकुळी म्हणजे काय?"

"बेटकुळी म्हंजे बेटकुळी. सगळा मुलूख म्हनतोय."

"विहिरीच्या कडेला उड्या मारते ती कोण?"

पैलवान थांबले. चुलाणात चिपाड घालणारा गडीही थांबला. "तीबी बेटकुळीच की," पैलवान सावकाश म्हणाले. "बारका बेडूक."

सरांनी कोश उघडला, मसलवर बोट ठेवलं आणि पैलवानांच्या छातीपर्यंत वर धरला. पैलवानांना अक्षर येत नव्हतं, पण ते वाकून बघत राहिले. "रोमन पैलवानाला दंडात उंदीर दिसला," सर म्हणाले, "तुम्हाला बेडूक दिसला. तुम्ही आख्खी जवानी तालमीत घातली ती बेडूक पाळायला का, असं मी विचारलं तर चालेल?"

आबा म्हणायचे, मला वाटलं आता मास्तर कढईत जातोय आणि त्याच्या मागनं मी. पण चिपाडवाला गडी आधी फिसकला, मग रस गाळणारी बाई पदर तोंडात कोंबून बसली, आणि मग पैलवानांचं पोट हलायला लागलं. "मास्तर," ते डोळे पुसत म्हणाले, "तुमी लय अवघड माणूस हायसा. रस घ्या आता."

तरी सरांनी रस घेतला नाही. ते मुलाकडे वळले. या भागाची हकीकत मला आबांकडून कळली नाही. ती मला ह्यांनी सांगितली, आणि ह्यांचं नाव घ्यायला मला अजून उखाणा लागतो, यावरून काय ते समजा.

सरांनी ह्यांना विचारलं, "तुम्ही रोम पाहिलं. तिथे मंडईत भाजी विकणारी बाई लॅटिन बोलते?" विचारताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता म्हणे.

"नाही सर. तिथे आता इटालियन बोलतात. लॅटिन फक्त पाद्री बोलतो, देवळात. आपल्याकडे लग्नात भटजी बोलतात तसं. कुणाला कळत नाही, पण मधेच कुणी थांबवतही नाही."

"आणि मसलला?"

"मुस्कोलो म्हणतात. दवाखान्यात ऐकलंय मी."

"आणि उंदराला?"

"तोपो."

सरांनी मसलवरचं बोट उचललं. "मग त्यांना मुस्कोलो म्हणताना उंदीर दिसत नाही?"

"नाही सर. त्यांना दंडच दिसतो. उंदीर मी तुमच्या विद्यार्थिनीकडून पहिल्यांदा ऐकला."

सरांनी कोश मिटला, खाली ठेवला, बाजेवर, चिपाडाच्या चोयट्या पडल्या होत्या तिथेच. मग त्यांनी रस घेतला. परत येताना मधे मोटार बंद पडली तेव्हा ते ढकलायलाही उतरले नाहीत. आबांचं लक्ष नव्हतं. पैलवानांनी निघताना पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "अडते, पोरगी डोक्यानं हलकी न्हाई, लय जड हाय. पर आमचं पोरगं म्हनतंय तीच करायची. करा तयारी." ती थाप आबांच्या पाठीला आठ दिवस होती.

परीक्षा संपल्यावर आई आणि मी सरांच्या घरी लग्नाची अक्षत द्यायला गेलो. काकूंनी आईला आत नेलं. सर खिडकीशी बसले होते. मी वाकून नमस्कार केला, पण खरं सांगते, माझं लक्ष आशीर्वादाकडे नव्हतं. स्थळ जुळलं होतं, सगळ्या पेठेची तोंडं बंद झाली होती, माझा विजय झाला होता, आणि तो विजय मला सरांच्या तोंडून ऐकायचा होता. मी तिथेच रेंगाळले आणि विचारलं, "सर, माझं उत्तर बरोबरच होतं ना?"

सर खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मूळ बरोबर होतं. पण मुली, त्यांनी अर्थ विचारला होता."